घेतलं काय, सोडलं काय : जामखेड, गडचिरोली आणि आशाताई

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा गृहभेटी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. प्रत्येक भेटीत बाळाचं वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, अंगावर नीट ओढतंय का, नाळ कोरडी आहे का, श्वास किती चालतोय हे पाहायचं आणि फॉर्म भरायचा. बीसीजीची लस टोचली, जन्माची नोंद झाली की बेचाळीस दिवसांनी गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईच्या खात्यावर २५० रुपये जमा होतात. आई आणि बाळ दोघंही बेचाळिसाव्या दिवशी सुखरूप असावीत, हीसुद्धा मोबदल्याच्या मूळ अटींतली एक अट. म्हणजे आशाताईने सगळ्या भेटी दिल्या आणि बाळ तरीही दगावलं, तर तिचे कष्ट कोणत्या खात्यात मांडायचे, याचा विचार मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

केंद्र सरकारने नवजात बाळांच्या गृहभेटींची ही योजना २०११ साली देशभर लागू केली. तिचा उगम महाराष्ट्रातला आहे आणि आशाताई या कल्पनेचाही बराचसा उगम इथलाच. गावातल्या कमी शिकलेल्या बाईच्या हाती आरोग्याचं काम सोपवण्याचे इतके प्रयोग दुसऱ्या क्वचितच एखाद्या राज्यात झाले असतील. जामखेड, वडू, मांडवा, गडचिरोली. यातल्या दोन प्रयोगांचं बोट धरून देशाने मोठ्या योजना आखल्या. प्रयोग सरकारी यंत्रणेत उतरताना त्यातलं काय पुढे गेलं आणि काय मागे राहिलं, हे बघणं म्हणजेच आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास, असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आरोग्यव्यवस्थेचे सहा घटक सांगितले : सेवा, मनुष्यबळ, माहिती, औषधं, पैसा आणि नेतृत्व. परिसंवादात पडद्यावर हे सहा चौकोन हटकून झळकतात. चौकोन बरोबरच आहेत, पण एका चौकोनातला गोंधळ दुसऱ्यात कसा झिरपतो, ते त्यात दिसत नाही.

खेड्यातलं आरोग्याचं काम डॉक्टरने करायचं की थोडं शिकवलेल्या गावकऱ्याने, हा वाद स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीने आरोग्यासाठी नेमलेल्या उपसमितीचे अध्यक्ष होते कर्नल साहिबसिंग सोखी, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक. दर हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक हवा, त्याला नऊ महिन्यांचं प्रशिक्षण द्यावं, असं या उपसमितीचं म्हणणं. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. आजची प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं ही उतरंड मूळची याच अहवालातली. भोर समितीने भर दिला तो पूर्ण शिकलेल्या डॉक्टरवर, आणि लहान मुदतीचे लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करावेत असं सुचवलं. जुन्या पिढीला एल.सी.पी.एस. पाटीचे डॉक्टर आठवत असतील, ती जमात पुढे संपली. डॉक्टर खेड्यात जाईल हे गृहीत धरलं गेलं. तो गेला नाही, आणि पुढची पन्नास वर्षं सरकार त्याची वाट पाहत बसलं.

जामखेडला १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आलं, वेल्लोरला शिकलेलं, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेलं. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. कायमचा अवर्षणग्रस्त मुलूख. त्यांची पहिली योजना तुमच्याआमच्या डोक्यात येईल तीच होती : प्रशिक्षित परिचारिका गावोगाव नेमायच्या. ती चालली नाही. परक्या गावात एकट्या तरुण मुलीने राहायचं कसं, आणि सासुरवाशिणीने तिला मनातलं सांगायचं तरी का? मग गावाने आपल्यातलीच एखादी बाई सुचवावी असं ठरलं. आलेल्या बायकांत निरक्षर होत्या, दलित होत्या, परित्यक्ता आणि विधवाही होत्या.

जामखेडबद्दल लिहिताना सगळे या बायकांबद्दल लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या मागे काय उभं होतं, ते सहसा सुटतं. एक तर आठवड्याचा मुक्काम. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, रात्री एकत्र राहायच्या, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या आणि नवं काही शिकून परत जायच्या. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र आणि विषय संपला, असं तिथे नव्हतं. शिकणं वर्षानुवर्षं चालू राहिलं. दुसरं म्हणजे दवाखाना. बाई ज्या रोग्याला पाठवेल, त्याला तिथे दाद मिळायची. डॉक्टर तिचं म्हणणं ऐकून घेतात, हे गावाने पाहिलं की तिचा शब्द गावातही चालू लागतो. तिसरं, आरोग्याबाहेरचं काम. १९७२ च्या दुष्काळात प्रकल्पाने अन्नाला आणि पाण्याला हात घातला. हातपंप बसवताना जागा मुद्दाम दलित वस्तीतल्या निवडल्या, म्हणजे सवर्णांना पाण्यासाठी तिथे यावंच लागेल. शेतकरी मंडळं निघाली, महिला मंडळं निघाली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर काढलेल्या पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं, आणि १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा निघाला, त्याची वाट अशाच प्रयोगांनी घातली होती.

दिल्लीला मात्र परिषदेपर्यंत थांबण्याइतकाही दम नव्हता. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने हजार वस्तीमागे एक जनस्वास्थ्य रक्षक नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि महिना ५० रुपये मानधन. निवड गावाने करायची होती, म्हणजे व्यवहारात सरपंचाने. निवडलेले बहुतेक पुरुष निघाले. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता, आणि बालमृत्यू तर तिथेच होत होते. आठवड्याचा मुक्काम नाही, पेटीतली औषधं संपली की नवी कधी येतील याचा भरवसा नाही. रक्षक संघटित झाले, नोकरीत कायम करा म्हणून कोर्टात गेले. योजनेची नावं बदलत राहिली आणि अखेर २००२ मध्ये केंद्राने हात काढून घेतला. 'हजारी एक माणूस' एवढीच गोष्ट जामखेडहून दिल्लीला पोहोचली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

गडचिरोलीचा प्रयोग वेगळ्या जातीचा, कारण तिथे सुरुवातीपासून मोजमाप होतं. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. पहिला शत्रू न्यूमोनिया. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटातले श्वास मोजायचे, आणि ज्या बायकांना बारापुढे आकडे येत नाहीत त्यांनी साठापर्यंत मोजायचं कसं? त्यावर त्यांनी एक साधं लाकडी साधन बनवलं. एका मिनिटाची वाळूची घटिका, बाजूला मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी पाच हिरवे मणी आणि सहावा लाल, मोठ्या मुलासाठी चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. बाईला फक्त दहापर्यंत मोजता यायला हवं. सरकारी कपाटातल्या कितीतरी यंत्रांपेक्षा मला या घटिकेत जास्त विज्ञान दिसतं.

पुढची चाचणी नवजात बाळांची. ३९ गावांत आरोग्यदूत बायका घरी जाऊन बाळांची काळजी घेणार, शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहणार. या बायका जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकल्या, आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि जगभर गाजलं. त्याच लेखात आणखी एक नोंद आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. दर पंधरवड्याला एक डॉक्टर प्रत्येक गावात जायचा. तो बाळांवर उपचार करत नसे. आरोग्यदूताच्या नोंदी तपासायचा, चुकलं तिथे दुरुस्त करायचा, शिकवायचा. पुढे 'अंकुर' प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी हीच पद्धत वापरून पाहिली गेली, तिथेही मृत्यू निम्म्याने घटले.

आता २०११ ची राष्ट्रीय योजना यासमोर ठेवा. गृहभेटी आल्या, वजनकाटा आला, फॉर्म आला. इंजेक्शन आलं नाही. गावच्या बाईच्या हातात सुई द्यायला वैद्यकीय जगाचा विरोध होता. २०१४ मध्ये जेंटामायसिनची परवानगी मिळाली ती उपकेंद्रातल्या नर्सबाईंना. उपकेंद्र पाच हजार वस्तीला एक, आदिवासी भागात तीन हजारांना एक. नर्सबाईंनी रात्री तिथे राहायचं तर क्वार्टर राहण्याजोगं हवं, आणि त्याची डागडुजी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. पंधरवड्याला येणारा डॉक्टर तर सुटलाच. त्याच्या जागी गटप्रवर्तक आली : साधारण वीस आशांमागे एक बाई, आणि तिचे पैसे दौऱ्याच्या दिवसांवर. ती स्वतःच मानधनावर. आशाच्या वहीतली चूक ती दाखवू शकेल, पण वरच्या डॉक्टरची चूक कोणाला दाखवणार?

वरची रचनाही सांगायला हवी, कारण आशाने पाठवलेला रोगी त्याच चक्रातून फिरतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, त्यांचे साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे थेट राज्याच्या आरोग्य खात्याकडे. पुढे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, त्याचं मंत्रालयातलं खातं निराळं, वैद्यकीय शिक्षणाचं. शहरात गेलात तर महापालिका. एक अडलेली बाळंतीण गावातून जिल्ह्याला पोहोचेस्तोवर तीन वेगळे कारभार ओलांडते, आणि कुठे वेळ गेला हे विचारायला तिन्हींवर मिळून एक माणूस नाही. जामखेडला बाई आणि दवाखाना एकाच छपराखाली होते.

औषधांचं बघा. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, प्रत्येक दवाखान्याच्या नावे पासबुक. पासबुकात वर्षाची रक्कम लिहिलेली, डॉक्टरने आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलायचं आणि तेवढी रक्कम वजा व्हायची. वरून आलेली नको ती औषधं मुदत संपेपर्यंत सांभाळत बसायची पाळी येत नाही. महाराष्ट्रात २०१७ पासून खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवली गेली, ते काही धड चाललं नाही, आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. तामिळनाडूनंतर २९ वर्षांनी. सोखींच्या संस्थेचं नाव या गोंधळात यावं, याचं वाईट वाटतं.

पैशाची गोष्ट थोडक्यात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोक स्वतःच्या खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी सरकारचा आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता, आणि तेही कोविडचं वर्ष. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के गाठायचं ठरवलं होतं, आणि त्यातला दोन तृतीयांश प्राथमिक सेवेवर. इकडे महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ती हीच. विम्याचं कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर न्यायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ज्या घरातल्या माणसाची अँजिओप्लास्टी फुकट झाली, त्या घराला या योजनेचं मोल विचारा. मी तिच्या विरोधात नाही. पण विम्याचा पैसा दाव्यामागे धावतो. वेळेवर ओळखलेल्या न्यूमोनियाचा दावा कोणी दाखल करत नाही, त्याचं बिलच होत नाही, लाभार्थ्यासोबत फोटोही निघत नाही. अर्थसंकल्पात त्याची बाजू मांडणार कोण?

कधी कधी लोक स्वतःच मांडतात. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुण्याच्या 'साथी' संस्थेच्या समन्वयाने. गावाने दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं, हिरवा-पिवळा-लाल रंग द्यायचा, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर सांगायचं की साहेब, औषध बाहेरून आणायला लावलं, त्याची ही चिठ्ठी. एरवी सगळे अहवाल खालून वर जातात आणि सगळे जाब वरून खाली येतात. इथे जाब खालून वर गेला. तो डॉक्टरांना बोचलाही. मांडव्याला डॉ. नोशीर अंतियांचा प्रकल्प स्थानिक विरोधामुळे गुंडाळावा लागला होता, तो विरोधही असाच होता : बायका जाणत्या झाल्या आणि प्रश्न विचारू लागल्या.

आशांनी संप केले, २०२१ च्या जूनमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला. मार्च २०२४ मध्ये राज्याने मानधनात पाच हजारांची वाढ केली. हक्काची वाढ आहे, उशिरा आलेली. पण पुढचा प्रयोग करायचाच असेल तर आता गावातल्या बाईवर करू नये, तिच्यावर पुष्कळ झाले. तो तालुक्याच्या कचेरीवर करावा. एका तालुक्यात गटप्रवर्तकेला पूर्ण पगार द्या, वीसऐवजी दहाच आशा तिच्याकडे ठेवा, तिने आणलेल्या प्रत्येक तक्रारीला आठ दिवसांत लेखी उत्तर देणं तालुका आरोग्य अधिकाऱ्यावर बंधनकारक करा. शेजारच्या तालुक्यात आहे तसंच चालू द्या. तीन वर्षांनी दोन्हीकडची बाळं मोजा. ३९ आणि ४७ गावांत हेच तर केलं होतं.