मासा आपला, नदी दुसऱ्याची

गेल्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसनं तलावात मासे सोडले. शनिवारची सकाळ, सगळ्यांना हिरवे टी-शर्ट, हवा भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत इवली इवली पिल्लं, आणि फोटोग्राफरचं 'थोडं अजून वाका सर'. मी वाकलो. फोटो झकास आला. लगेच प्रोफाइलवर टाकला आणि लाइक्सचा पाऊस!

संध्याकाळी कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन. ही नद्यांमधल्या माशांवर पीएच.डी. करतेय.

'अरे, कुठले मासे सोडलेत?'

'मासे गं. लहान होते.'

'लहान ही काय जात आहे का? कुठल्या जातीचे? कुठल्या नदीतले?'

मी गप्प. दुसऱ्या दिवशी वैशालीत एसपीडीपीच्या प्लेटवर तिनं माझा क्लास घेतला. आणि खरं सांगतो, प्लेट तशीच राहिली.

गोष्ट आहे महाशीरची. गोड्या पाण्यातला हा दांडगा मासा, गळाला लागला तर माणसालाच ओढत नेणारा. आपल्याकडे याला खडशीही म्हणतात. १८३९ मध्ये कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातला एक होता निळसर परांचा महाशीर, टॉर खुद्री. तो त्याला कुठे मिळाला होता? आपल्या मुळा-मुठेत! हो, तीच. जिच्या पुलावरून जाताना आपण बाइकवर नाकाला रुमाल लावतो.

पुढे धरणं झाली. विणीसाठी प्रवाहाच्या वर चढणाऱ्या माशाची वाट अडली. त्यात सुरुंग लावून मासेमारी. मग १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला, वळवण धरणापाशी, महाशीरची पैदास सुरू केली. (लोणावळा म्हणजे फक्त चिक्की आणि ट्रॅफिक नाही, हे मलाही तेव्हाच कळलं.) अंड्यावर आलेल्या मादीचं पोट हलक्या हातानं दाबून पिवळीधमक अंडी ट्रेमध्ये काढायची, नराकडून ती फळवायची, वाहत्या पाण्यात उबवायची. किचकट काम, पण जमलं. पिल्लं इतकी झाली की दुसऱ्या राज्यांतही गेली. कर्नाटकातल्या कावेरीतसुद्धा.

इथपर्यंत सगळं छान, नाही का? मलाही तसंच वाटलं.

गोची अशी, की कावेरीचा स्वतःचा महाशीर होता. पाठीला कुबड, नारिंगी पर, आणि आकार अवाढव्य. १९४६ मध्ये कावेरीची उपनदी कबिनीत पकडलेला एक तर १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा होता. माझ्या बायकोपेक्षा जड! (हे छापून आल्यावर माझं काय होईल ते होवो.) निळ्या पराचा महाशीर मात्र आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला. कावेरीत तो पाहुणाच.

पाहुणा आल्यावर काय झालं, हे कळलं वह्यांमुळे. कावेरीकाठी गळ टाकण्याचे कॅम्प होते. मासा पकडायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि परत पाण्यात सोडायचा. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी इंग्लंडच्या बोर्नमथ विद्यापीठातल्या एड्रियन पिंडर आणि केरळच्या राजीव राघवन यांच्या टीमनं तपासल्या. २३,६२० तासांची गळबाजी, ६,१६१ महाशीर. वर्षागणिक मासे जास्त मिळत गेले, पण सरासरी वजन घटत गेलं. त्यातले बहुतेक निळ्या पराचे. कुबडवाले थोडे, आणि जे होते ते म्हातारे, थोराड. लहान पिल्लं जवळजवळ नाहीतच.

'घरात फक्त आजी-आजोबा उरलेत, असं समज,' मैत्रीण म्हणाली. 'कॅलेंडरवर घराणं अजून आहे. पण पुढे कोण?'

सगळा दोष पाहुण्याचा नाही, हेही ती लगेच म्हणाली. धरणं आहेत, वाळूउपसा आहे, चोरटी मासेमारी आहे. पण नदीत महाशीर वाढताहेत, एवढंच पाहून सगळे खूश होते. कुठला महाशीर वाढतोय, हे विचारायचं राहून गेलं.

आणि यातला कहर ऐका. ज्या कुबडवाल्यासाठी जगभरातले गळवाले यायचे, त्याला नक्की शास्त्रीय नावच नव्हतं. मैत्रीण म्हणाली, 'नाव नाही म्हणजे रेड लिस्टमध्ये जागा नाही. आधार कार्डाशिवाय रेशन मागण्यासारखं.' शेवटी मोयार नदीतले मासे मिळवून, मोजमापं घेऊन, डीएनए तपासून २०१८ मध्ये निकाल लागला. केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. या कामात बोर्नमथ होतं, कोचीचं मत्स्य विद्यापीठ होतं आणि आपल्या पाषाणच्या आयसरमधले नीलेश डहाणूकरही होते. नाव मिळालं आणि त्याच वर्षी तो 'अतिशय चिंताजनक' वर्गात गेला. बारसं आणि आयसीयू एकदमच.

निळ्या पराचा महाशीर एकेकाळी धोक्यातल्या जातींत धरला जायचा, आता त्याची तेवढी काळजी राहिलेली नाही. म्हणजे लोणावळ्याची मेहनत फुकट गेली, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या काळी कुठल्या नदीत कोण मूळचा, हे एवढं नेमकं माहीत कुणाला होतं? आज मात्र माहीत आहे.

परवा ऑफिसची मेल आली. यंदाही मासे सोडायचेत, तारीख ठरलीय. मी धीर करून उत्तर लिहिलं: जात कोणती, पिल्लं कुठून आणणार, त्या पाण्यात आधी काय आहे हे कुणी बघितलंय का? बरोबर सव्वा तासानं एचआरचा रिप्लाय आला.

'ग्रेट पॉइंट्स! बजेट अप्रूव्ह झालंय. तुझी टी-शर्टची साइज तेवढी कळव.'

मी एल कळवलीय. आणि खाली परत तेच तीन प्रश्न चिकटवलेत, यावेळी बॉसला सीसी करून.