दूरस्थ नाट्यप्रयोग आणि हुंकाराचा प्रश्न

२०२० साली टाळेबंदीमुळे नाट्यगृहे बंद पडली, तेव्हा हृषिकेश जोशी दिग्दर्शित ‘मोगरा’ हे मराठी नाटक कलावंतांनी आपापल्या घरांतून आंतरजालावर थेट सादर केले. अशा प्रयोगात नेमके काय उणावते? प्रेक्षकांची उपस्थिती, हे सहज सुचणारे उत्तर अपुरे आहे. भिलाई परिसरातील पंडवानीच्या आधारे अधिक नेमके उत्तर देता येते.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंनी पंडवानीच्या कापालिक शैलीला कीर्ती मिळवून दिली. या शैलीत गायिका तंबुरा घेऊन उभ्याने कथा सांगते आणि ‘रागी’ हा साथीदार हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो. पोवाड्यातील झीलकऱ्यांचे ‘जी जी’ याच जातीचे होय. हा प्रतिसाद कथनाच्या लयीतच पडावा लागतो.

व्हिडिओ-संभाषणात मात्र आवाज क्षणांशाने उशिरा पोहोचतो. शिवाय दोघे एकाच वेळी बोलू लागल्यास यंत्रणा पुष्कळदा एकाचा आवाज दाबते. म्हणून स्वगत आणि आळीपाळीने चालणारा संवाद तेथे तगतो. हुंकार व समूहस्वर तगत नाहीत. सबब दूरस्थ रंगभूमीच्या समीक्षेने हा कालभेद प्रथम विचारात घेतला पाहिजे. पंडवानीचे चित्रण घरोघर पोहोचू शकेल. परंतु गायिका व रागी दोन घरांत बसले असता तिचा प्रयोग उभा राहणे कठीण.