उत्तर सापडण्याआधीही मदत मागता येते

‘आधी नक्की काय ते ठरव, मग बोलू.’ आपण मुलगा आहोत, मुलगी आहोत की या दोन्हींत न बसणारे आहोत, असा प्रश्न पडलेल्या माणसाला हे वाक्य घरी ऐकावं लागतं, मित्रांकडून ऐकावं लागतं आणि कधी कधी दवाखान्यातसुद्धा. पण ठरवता येत नाही म्हणूनच तर बोलायचं असतं! लिंगभावाबद्दलचे बरेचसे गैरसमज माणसाला बोलण्याआधीच गप्प करतात. त्यांतले नेहमी कानावर येणारे काही इथे तपासू.

‘हा मानसिक आजार आहे, डॉक्टर बरा करतील’

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये मंजूर केली आणि ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव यांतली तफावत त्यात मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. ती वर्गीकरणातून पूर्ण वगळली नाही, कारण ज्यांना उपचार हवे असतात त्यांना ते मिळण्यासाठी दप्तरी नोंद लागते.

मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचंच कशाला? जायचं, पण लिंगभाव ‘दुरुस्त’ करून घ्यायला नव्हे. सतत लपवून ठेवणं, शाळेतलं चिडवणं, घरातला मार यांनी झोप उडते, अभ्यास सुटतो, जीव द्यावासा वाटतो. हे त्रास खरे आहेत आणि त्यांच्यावर उपचार होतात. शिवाय मनातला गुंता शांतपणे बोलून सोडवायला तिऱ्हाईत, जाणकार माणूस बरा पडतो.

धोका आहे तो बरं करून देण्याची हमी देणाऱ्यांचा. यात औषधांच्या नावाखाली काहीही देणारे येतात, संमोहनवाले येतात, बाबा-मांत्रिक येतात आणि ‘लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल’ म्हणणारे नातेवाईकही येतात. मदुराईहून घर सोडून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी 7 जून 2021 रोजी अशा ‘उपचारां’वर बंदी घालणारा आदेश दिला. त्याआधी त्यांनी जे केलं ते न्यायाधीश सहसा करत नाहीत. आपल्याला हा विषय नीट कळत नाही हे मान्य करून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. पुढे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कुणी पांढरा कोट घालून ‘सहा महिन्यांत नॉर्मल करतो’ म्हणालं तर त्याची तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे करता येते.

समुपदेशक निवडताना भेटीआधी फोनवरच दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींबरोबर काम केलं आहे का? घरच्यांना माझ्या परवानगीशिवाय काही सांगाल का? मला अजून काही ठरवता आलेलं नाही, तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळेल, त्याच्याकडे फी भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गुप्ततेचा हक्क तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच दिला आहे.

‘म्हणजे आता हिजडा समाजात जावं लागणार’

ही भीती आईवडिलांना सगळ्यात जास्त असते, आणि मुलांनाही. हिजडा समाजातल्या गुरू-चेला परंपरेने अनेकांना घराने नाकारलेला आसरा दिला, हे विसरून चालणार नाही. त्या समाजाकडे तुच्छतेने बघून स्वतःच्या मुलाचं समर्थन करणारे पालक भेटतात, तेही खटकतं. पण तो एकच मार्ग नाही. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यात भादलीला अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्री म्हणून अर्ज भरला, तो फेटाळला गेला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि जानेवारी 2021 मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या ती निवडणूक जिंकल्याही.

मुलगी म्हणून वाढवले गेलेले पारलिंगी पुरुष मात्र या सगळ्या चर्चेत दिसतच नाहीत. त्यांना परंपरेने कुठलीच जागा दिलेली नाही. एकट्याने घराबाहेर पडणं, खोली भाड्याने घेणं, पुण्या-मुंबईतल्या एखाद्या गटाच्या बैठकीला जाणं हे त्यांना जास्त अवघड जातं, आणि स्थळं बघायला सुरुवात लवकर होते. ‘आपल्या गावात असं कुणी नाही’ असं जेव्हा लोक म्हणतात, तेव्हा नसण्यापेक्षा न दिसण्याची शक्यता जास्त.

‘मुलगा मुलीसारखा वागतो म्हणजे तो गे’

कोण आवडतं हा एक प्रश्न, आपण कोण आहोत हा दुसरा. पारलिंगी स्त्रीला पुरुष आवडतील, स्त्रिया आवडतील किंवा कुणीच आवडणार नाही. नाचाची, स्वयंपाकाची आवड असण्यावरून तर यांतलं काहीच ठरत नाही.

‘ऑपरेशन केल्याशिवाय ते खरं नाही’

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात लिंगभाव ओळखण्याचा हक्क व्यक्तीचा स्वतःचा मानला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं. लिंगओळखीचं प्रमाणपत्र हा पुढचा, सरकारी कागदाचा भाग. त्याच्या अटी अर्ज करण्याच्या वेळी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारून घ्याव्यात. तिथला सल्ला मोफत असतो आणि 15100 हा क्रमांकही आहे. समुपदेशकाशी बोलायला किंवा एखाद्या गटात जाऊन बसायला मात्र कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

शोध बहुधा लहान गोष्टींतून पुढे जातो. मराठीत तोंड उघडलं की ‘जातो’ की ‘जाते’ हे ठरवावंच लागतं. विश्वासाच्या एका मैत्रिणीसमोर वेगळं क्रियापद वापरून बघणं, वेगळं नाव लावून बघणं, केस वाढवणं किंवा कापणं, हे सगळं मागे घेता येतं. हार्मोन्सचं तसं नाही. त्यांचे काही परिणाम कायमचे राहतात. ऐकीव माहितीवर मेडिकलमधून गोळ्या आणून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आधी एंडोक्रायनॉलॉजिस्ट गाठावा आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात. घाई कुणीही लावली, मित्रांनी किंवा डॉक्टरांनी, तरी थांबायचा हक्क आहे.

‘मोबाइलने बिघडवलं’

मोबाइलने शब्द दिले, एवढं खरं. लहानपणापासूनची जाणीव त्याने तयार केली नाही. मूल बोलल्यावर पालकांनी लगेच निष्कर्ष काढायची गरज नाही, आणि मोबाइल काढून घेण्याचीही. ‘स्वीकार’ हा अशा मुलांच्या पालकांनीच चालवलेला गट आहे. ज्यांच्या घरात हे होऊन गेलं आहे, त्यांच्याशी बोलल्यावर पालकांचा धसका बराच कमी होतो. पारलिंगी व्यक्तींच्या 2019 च्या कायद्याने, कलम 12 मध्ये, कुटुंबाच्या घरात राहण्याचा आणि तिथून बाहेर न काढलं जाण्याचा हक्क दिला आहे. अठराच्या आतल्या मुलाला मारहाण होत असेल तर 1098 वर फोन करता येतो. घर सुटलेल्या प्रौढांसाठी केंद्र सरकारची ‘गरिमा गृह’ योजना आहे, पण जागा मोजक्या. बॅग भरण्याआधी चौकशी करावी.

‘मदत हवी तर मुंबई-पुण्यालाच जायला हवं’

संस्था शहरांत एकवटल्या आहेत हे नाकारता येत नाही. मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून काम करतो, नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. वाचायचं असेल तर बिंदुमाधव खिरे यांनी लैंगिकतेच्या विषयांवर मराठीत भरपूर लिहिलं आहे, आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ मूळ मराठीतच आलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा फोनवर समुपदेशन करते, क्रमांक 9152987821. घरात एकच फोन असेल तर कॉलची नोंद पुसायला विसरू नका, आणि ऑनलाइन गटात पहिल्याच दिवशी खरं नाव, फोटो, गाव देऊ नका. या विषयावरून पैसे उकळणारे लोक आहेत.

ज्यांना आत्ता कुठेच जाणं शक्य नाही, त्यांच्यासाठी 14416. ही ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारी टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.