कंबर धरली, तज्ज्ञाकडे केव्हा जावे?

आमच्या स्टाफरूममध्ये पाठदुखीवर जितकी चर्चा होते तितकी अभ्यासक्रमावरही होत नसेल. एक जण गादी काढून फळीवर झोपायला सांगतो, दुसऱ्याला कोठल्याशा तेलाची खात्री असते, तिसऱ्याच्या ओळखीचा हमखास गुण देणारा मालीशवाला असतो. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यावा, हा सल्ला तर मी द्विपदवीधरांच्या तोंडूनही ऐकला आहे. आपण मराठीत ‘कंबर धरली’ म्हणतो, आमचे कन्नड सहकारी ‘सोंट हिडिदिदे’ म्हणतात. दुखणे एक आणि ते सांगण्याची तऱ्हाही एकच!

प्रथम दिलासा देतो. भरलेली घागर उचलताना किंवा मोटारसायकलला किक मारताना कंबरेत जी चमक भरते, ती बहुतेक वेळा दोन ते सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. पाठीतले नेमके काय दुखावले हे अशा वेळी डॉक्टरांनाही पुष्कळदा सांगता येत नाही, आणि त्यावाचून फारसे अडतही नाही. पूर्वी डॉक्टर पंधरा-पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगत. आता तो सल्ला मागे पडला आहे. फार पडून राहिल्याने बरे व्हायला उलट वेळ लागतो. झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहावे.

मग तज्ज्ञाकडे जायचे ते केव्हा? येथे बहुतेकांची एक चूक होते. दुखणे किती जोराचे आहे यावरून आपण ते किती गंभीर आहे हे ठरवतो. उसण भरलेला माणूस ओरडतो, त्याला कूस बदलता येत नाही, आणि तो आठवड्यात बरा होतो. उलट काही घातक दुखणी महिनोन्महिने नुसती कुरकुरत असतात. तेव्हा दुखण्याचा जोर पाहण्यापेक्षा त्याच्या सोबतीला काय आले आहे हे पाहावे.

माझ्या मामेभावाचे उदाहरण देतो. तो खानापूर तालुक्यातला, तेव्हा वय बावीस. पाठीच्या मधोमध बारीक दुखे. भातलावणीत वाकल्याने असेल, असे घरचे म्हणत. लेप झाले, मालीश झाले, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या झाल्या. संध्याकाळी त्याचे अंग कसकसायचे, जेवण कमी झाले होते, विजार सैल होऊ लागली होती. पण या गोष्टींचा पाठीशी संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो. त्या आठ महिन्यांत त्या घरी दोनदा जेवून आलो आणि ‘जरा ताठ बसत जा’ एवढेच सांगून परतलो. चालताना पाय लटपटू लागले तेव्हा त्याला इस्पितळात नेले. मणक्याचा क्षय निघाला.

क्षय म्हटले की आपल्याला छाती आणि खोकला आठवतो. पण हाडांच्या क्षयात सर्वांत अधिक वेळा सापडतो तो मणकाच, आणि अशा रोग्याला खोकला असेलच असे नाही. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७९ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘पॉट्स डिसीज’ म्हणतात. रोग अर्थात त्याहून फार जुना. इजिप्तमधील ममींच्या मणक्यांतही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. जंतू मणक्याचा पुढचा भाग पोखरतात, मणका पुढच्या बाजूला ढासळतो आणि पाठीला पोक येते. पू किंवा ढासळलेले हाड मज्जारज्जूवर दाबले की पायांतले बळ जाऊ लागते. सुरुवातीला एक्स-रे अगदी निर्दोष दिसू शकतो; एमआरआयमध्ये रोग बराच आधी कळतो. औषधे वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागतात. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत मिळतात. वेळेवर सुरू झाली तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. आमचा भाऊ आज शेती पाहतो, पण पाठीतले पोक राहिले ते राहिलेच.

तेव्हा पाठदुखीबरोबर ताप, घटते वजन किंवा झोपेतून उठवणारी वेदना असेल तर सहा आठवडे वाट पाहू नये. घरी गुरे आहेत आणि न तापवलेले दूध पोटात जाते, अशांना ब्रुसेला नावाचा जंतूही असाच ताप आणि अशीच पाठदुखी देतो. डॉक्टरांना हेही सांगावे. पूर्वी कधी कर्करोग झालेल्या माणसाने नवी पाठदुखी साधी समजू नये.

यापेक्षाही तातडीची एक अवस्था आहे. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका लोंबतो. दोन मणक्यांमधली चकती सरकून या झुबक्यावर दाब आला, तर लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा जातो, आणि सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होतो. हे सांगायला माणसे लाजतात, आणि घात होतो तो तेथेच. येथे हिशेब तासांचा असतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठे इस्पितळ गाठावे. उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

पायात नुसती कळ जात असेल तर इतके घाबरू नये. चकती सरकल्याने नस दाबली जाऊन अशी कळ येते, हे मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यवैद्यांनी १९३४ साली दाखवून दिले. त्यातले बहुसंख्य लोक शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत बरे होतात. परंतु चालताना चप्पल पायातून निसटू लागली, पाऊल उचलेनासे झाले, टाचेवर उभे राहवेना, तर ती अशक्तता होय. तेव्हा लगेच तज्ज्ञाला दाखवावे.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. विशी-पंचविशीत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जुनी, सकाळी अर्धा तास तरी पाठ लाकडासारखी ताठर ठेवणारी आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने कमी होणारी पाठदुखी ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ या सांध्यांच्या विकाराची असू शकते. काहींचा डोळाही अधूनमधून लाल होऊन दुखतो. हा विकार ओळखायला अनेकदा वर्षे जातात, कारण तरुण मुलाची पाठ दुखते म्हटले की घरातले त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. आता त्यावर चांगली औषधे आहेत. यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात. बसच्या शेवटच्या बाकावर एका गचक्यानेही मणका दबू शकतो. आजीने ‘कट्कन् आवाज झाला’ म्हटले, तर तिला तेल चोळत बसू नये, एक्स-रे काढावा.

आणि ज्यांना यातले काहीच नाही, त्यांनी केवळ हौसेखातर एमआरआय काढू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ मुळीच न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही सुमारे ३७ टक्के जणांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. असा अहवाल हाती पडला की चांगला धडधाकट मुलगा पोते उचलायला भिऊ लागतो. प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. अस्थिरोगतज्ज्ञ हवा, संधिवाततज्ज्ञ हवा की मज्जारज्जूचा शल्यविशारद, हे ते ठरवतील. जाताना दुखणे कधीपासून आहे, रात्री वाढते का, ताप येतो का, लघवी नीट होते का, एवढे कागदावर लिहून न्यावे. गोळ्या कोणत्या आणि किती घेतल्या, तेही लिहावे. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते, आणि नेमकी तीच गोष्ट डॉक्टरांपासून लपवण्याकडे आपला कल असतो.