आधी शब्द, मग हात

नागपूर–तुळजापूर महामार्ग यवतमाळहून आर्णीत येतो आणि पुढे महागाव, उमरखेडकडे जातो. अशा रस्त्यावर नाकाबंदीत गाडी थांबवली गेली आणि चालकाच्या कमरेला शर्टाखाली परवान्याचं पिस्तूल असलं, तर त्याने ते आपणहून सांगावं का? माझं उत्तर स्पष्ट आहे : विचारायच्या आधी सांगावं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकारी शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. न मागता सांगण्याची सक्ती त्या कलमात नाही. पण जे दिसतच नाही त्याचा परवाना मागणार कसा? २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावी लागते. म्हणजे शस्त्र पोलिसाला दिसू नये, अशी व्यवस्था कायद्यानेच केली आहे. नाक्यावरचा शिपाई देशी कट्ट्याच्या शोधात असतो. कागद काढायला चालकाचा हात कमरेकडे गेला आणि शर्टाआडून मूठ दिसली, तर ती परवान्याची की विनापरवाना, हे त्याला क्षणात कसं कळावं? ही अडचण सोडवू शकणारी माहिती फक्त चालकाकडे असते, म्हणून पहिला शब्दही त्यानेच बोलावा.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप अमेरिकेतून येतो. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टील यांची गाडी पोलिसांनी थांबवली. आपल्याजवळ बंदूक असल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं, आणि काही सेकंदांत पोलिसाने झाडलेल्या गोळ्यांनी त्यांचा जीव घेतला. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. खरं बोलून माणूस मेला, हे नाकारता येत नाही, आणि त्या मृत्यूचा दोष सांगणाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. पण गप्प राहिल्याने हा धोका टळत नाही, कारण हात हलला की संशय येतोच. म्हणून हात स्टिअरिंगवर ठेवून, आधी ‘परवाना’ हा शब्द उच्चारून बोलावं : “साहेब, माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे, उजव्या कमरेला. परवाना खिशात आहे, काढू का?” आणि उत्तर येईपर्यंत हलू नये. पोलिसांनाही हे ऐकून घेण्याचं प्रशिक्षण हवं. ‘पिस्तूल’ ऐकताच आरडाओरडा झाला, तर पुढचा माणूस सांगणारच नाही.

दुसरी भीती शस्त्र जप्त होण्याची. परवाना घरी राहिला असेल तर कलम १९ नुसार अधिकारी नाव-पत्ता विचारू शकतो, गरज वाटल्यास शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. विनावॉरंट अटकेची तरतूद आहे ती नाव-पत्ता नाकारणाऱ्यासाठी, खोटा दिल्याचा किंवा पळून जाण्याचा संशय असणाऱ्यासाठी. बोलणाऱ्यापेक्षा लपवणाराच इथे अधिक अडचणीत येतो. ज्याचा परवाना महाराष्ट्रापुरताच आहे आणि जो पांढरकवड्यापुढे पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेला आहे, त्याला मात्र सांगितल्याने संरक्षण मिळणार नाही. त्याने निघण्याआधीच परवान्यावरचं क्षेत्र वाचायला हवं होतं. राहिली गर्दीची गोष्ट. मागच्या गाड्यांतल्या लोकांना कमरेचं पिस्तूल कळणं खरोखरच धोक्याचं आहे, म्हणून काच खाली करून, समोरच्या एकाच अधिकाऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगावं. आणि त्यानेही ते सहकाऱ्याला ओरडून नव्हे, जवळ जाऊन सांगावं.