धनेश : स्थिती व संरक्षण

पक्षिवर्गाच्या ब्यूसेरॉटिडी कुलातील पक्षी. आफ्रिका व आशिया खंडांच्या उष्ण प्रदेशांत या कुलाच्या सु. ६० जाती असून त्यांपैकी ९ भारतात आढळतात. मोठी, खाली वाकलेली चोच आणि बहुतेक जातींत तिच्यावर असलेला शिरस्त्राणासारखा उंचवटा ही त्यांची ठळक लक्षणे होत. भारतातील सर्वांत मोठी जाती महाधनेश (ब्यूसेरॉस बायकॉर्निस) ही असून तिची लांबी सु. १ मी. असते. केरळ व अरुणाचल प्रदेश या राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. मुंबई येथील बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वास्तूत १८९४ ते १९२० या काळात ‘विल्यम’ नावाचा एक महाधनेश होता. संस्थेच्या बोधचिन्हावर हाच पक्षी आहे.

वीण : धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या, प्रचंड बुंध्याच्या वृक्षात नैसर्गिक रीत्या तयार झालेली ढोली तो शोधतो. मादी आत शिरून विष्ठा, माती इत्यादींनी तिचे तोंड लिंपून घेते व केवळ एक अरुंद फट ठेवते. या फटीतून नर तिला व पुढे पिलांना फळे व लहान प्राणी भरवितो. आत असताना मादीची पिसे गळून नवी येतात व त्या काळात तिला उडता येत नाही. या व्यवस्थेमुळे साप, माकडे यांसारख्या शत्रूंपासून अंड्यांचे रक्षण होते. परंतु बाहेर असलेला नर मारला गेल्यास मादी व पिले यांचे जीवितही धोक्यात येते. महाधनेशाचे बहुधा एकच पिलू वाढीस लागत असल्याने संख्येतील घट लवकर भरून येत नाही.

ऱ्हासाची कारणे : जंगलतोड हे प्रमुख कारण होय. वृक्ष तोडले गेल्याने ढोल्या व वर्षभर फळे पुरविणारे उंबर-वडासारखे वृक्ष एकदमच नाहीसे होतात. मांस, चोच व पिसे यांसाठी, तसेच चरबीचे तेल सांधेदुखीवर गुणकारी असते या समजुतीमुळे शिकार होत आली आहे. आग्नेय आशियातील शिरस्त्राणधारी धनेशाच्या (ऱ्हायनोप्लॅक्स व्हिजिल) भरीव उंचवट्यावर कोरीवकाम करता येत असल्याने त्याची बेसुमार हत्या झाली व २०१५ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरविण्यात आला. महाधनेश (२०१८) व पश्चिम घाटापुरताच मर्यादित असलेला मलबारी राखी धनेश (२०२०) यांची गणना आता असुरक्षित जातींत होते. नारकोंडम धनेश अंदमान समुद्रातील सु. ७ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या एकाच बेटावर राहतो. त्यामुळे तेथील एखादे चक्रीवादळ वा वणवाही सबंध जातीला घातक ठरू शकेल. साधा राखी धनेश मात्र शहरांतील जुन्या वृक्षराजीतही टिकून आहे.

संरक्षण : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत महाधनेशाचा समावेश आहे. तथापि कायद्याइतकेच स्थानिक लोकांचे सहकार्यही परिणामकारक ठरले आहे. अरुणाचल प्रदेशात निशी जमातीचे पुरुष पारंपरिक शिरोभूषणावर धनेशाची चोच लावीत; तिच्या जागी काचतंतूंची कृत्रिम चोच वापरण्याचा प्रघात पडू लागला. पाके व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात २०११ पासून ‘घरटे दत्तक योजना’ राबविली जाते. नागरिकांच्या देणग्यांतून गावकऱ्यांना वेतन देऊन घरट्यांची राखण केली जाते व या राखणदारांत पूर्वीचे काही शिकारीही आहेत. थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाद यांनी अशाच कार्याचा पाया घातला.

कोकणात महाधनेश व मलबारी कवड्या धनेश हे देवरायांतील बेहड्यासारख्या जुन्या वृक्षांत घरटी करतात. येथील बरेचसे जंगल खाजगी मालकीचे असल्याने पक्ष्याला कायद्याचे संरक्षण असूनही त्याचे झाड तोडले जाऊ शकते. वास्तविक, फळे गिळून त्यांच्या बिया दूरवर टाकणारा हा पक्षी मोठ्या बियांच्या अनेक वृक्षांचा प्रमुख प्रसारक आहे. तो नाहीसा झाल्यास अशा वृक्षांचे पुनरुज्जीवनही खुंटते. ढोली पडण्याजोगा वृक्ष वाढण्यास अनेक दशके लागतात. म्हणून नव्या लागवडीपेक्षा उभ्या असलेल्या जुन्या वृक्षांचे जतन हाच धनेशाच्या संरक्षणाचा मुख्य उपाय ठरतो.