डोंगरांतील वणवा व जाळरेषा

बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या उतारांवर पावसाळ्यांत माजलेलें कुसळी गवत माघ-फाल्गुनांत वाळून खडखडीत होतें. मग एक ठिणगीही पुरे होते. वणवा चढाकडे अधिक वेगानें धांवतो. म्हणून त्याचें भक्ष्य आधींच तोडणें हाच खरा उपाय होय.

सरकारी जंगलांत वनखातें याकरितां जाळरेषा काढतें. ठराविक पट्ट्यांतील गवत कापून, वारा पडलेला पाहून, माणसें उभीं करून तें जाळतात. पुढें वणवा आलाच तर त्या उघड्या पट्ट्यावर थांबतो. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. तत्पूर्वीं हें काम उरकलें पाहिजे.

माळ जाळल्यानें गवत जोमानें येतें, असा कित्येकांचा समज आहे. कोंवळे फुटवे लवकर दिसतात खरे. परंतु उघडी पडलेली माती वळवाच्या पहिल्या सरींनीं ओढ्यांत जाते व टंचाईची वैरण राख होते. शिवाय १९२७ च्या वन कायद्यान्वयें राखीव जंगलांत आग लावणें गुन्हा आहे.

तरी जंगलालगतच्या शेतकरी बंधूंनीं कुसळें धरण्यापूर्वींच परवानगीनें गवत कापून आणावें, आपल्या बांधालगतचा पट्टा साफ ठेवावा व उन्हाळ्यांत धसकटें पेटवूं नयेत. यांत वैरणही मिळते व डोंगरही राखला जातो.